एअर प्युरिफायर रिव्ह्यू: आजी-आजोबांच्या खोलीत चार स्टार, धाकट्याच्या बाबतीत एक

आधीच सांगते, मशीन वाईट नाही. हेपा (अगदी बारीक कणही अडकवणाऱ्या) फिल्टरवालं, गुडघ्याएवढं उंच, गोल, खालून चारी बाजूंनी हवा ओढून वरून सोडणारं, सध्या सगळीकडे दिसतं तसंच एक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण जे लिहितेय ते या टाइपच्या जवळपास सगळ्याच मशीनना लागू आहे, उगाच एकालाच कशाला धोपटा. आम्ही ते धुळीसाठी नाही तर घरात सारखं फिरत राहणाऱ्या सर्दी-खोकल्यासाठी घेतलं. घरात अडीच वर्षांचा धाकटा, दुसरीतली थोरली, आम्ही दोघं आणि सासू-सासरे, म्हणजे व्हायरसला लागतं ते सगळं एकाच छपराखाली हजर.

बॉक्सवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो आहे, आजोबांच्या मांडीवर नातू वगैरे, आणि खाली मोठ्ठ्या अक्षरात संपूर्ण कुटुंबाचं व्हायरसपासून संरक्षण. माझं सगळं भांडण त्या 'संपूर्ण'शी आहे. घरात व्हायरस कोण आणतो, कोण वाटतो, कोणाला पटकन लागतो आणि कोणाला महागात पडतो हे बरंचसं वयावर ठरतं आणि त्यामुळे या मशीनचा कोणाला किती उपयोग हे पण वयावरच ठरतं. सहा जणांसाठी एकच रेटिंग देताच येत नाही.

धाकट्यापासून सुरू करते, कारण घेताना आमच्या डोक्यात तोच होता. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या टीमने २६ घरांतल्या १०८ माणसांच्या नाकाचे स्वॅब वर्षभर दर आठवड्याला तपासले होते, २०१५ ला ते छापून आलं. मुलंच नसलेल्या घरांत वर्षातले तीन-चार आठवडे कुठला ना कुठला व्हायरस सापडला, एक मूल असलं की १८ आठवडे आणि सहा मुलांच्या घरात ४५! पाच वर्षांखालच्या पोरांच्या नाकात तर जवळपास निम्मे आठवडे काहीतरी होतंच, आणि त्यातल्या कितीतरी वेळा लक्षण म्हणावं असं काहीच नाही, पोरगं मस्त खेळतंय. म्हणजे 'आजारी पडला की मशीन लावू' हा प्लॅनच मुळात लंगडा.

कारण साधं आहे, त्याच्या शरीराची यातल्या बहुतेक व्हायरसशी ही पहिलीच भेट असते, त्यामुळे लढायला वेळ लागतो आणि तोवर व्हायरस भरपूर वाढतो आणि बाहेर पण पडत राहतो. फ्लूमध्ये मोठा माणूस साधारण पाच ते सात दिवस व्हायरस सोडतो, लहान मुलं दहा दिवस किंवा त्याहून जास्त. वर त्याला ना नाक पुसता येतं ना तोंडावर हात धरता येतो, ना त्याला वेगळ्या खोलीत ठेवता येतं. जेवढा आजारी तेवढा जास्त कडेवर. तो खोकतो तेव्हा त्याचं तोंड माझ्या गालापासून चार बोटांवर असतं आणि मशीन खोलीच्या कोपऱ्यात, मग तो कण माझ्या नाकात आधी जाणार का फिल्टरमध्ये? शिवाय नुसती हवाच नाही, साध्या सर्दीचा राइनोव्हायरस आणि आरएसव्ही (तान्ह्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत उतरू शकणारा व्हायरस) हे हातांवरून, खेळण्यांवरून पण मजेत फिरतात. शेंबडाचा हात रिमोटला, रिमोट ताईच्या हातात, ताईचा हात डोळ्याला. यात हवा साफ करणारं मशीन काय करणार, त्याला दोष तरी कसा देऊ. पण बॉक्सवर लिहिलंय म्हणून एकच स्टार. आणि तो पण चाइल्ड लॉक चांगलं आहे म्हणून, नाहीतर त्या निळ्या बटणावर बोट ठेवून मशीन बंद-चालू करणं हा धाकट्याचा दिवसभराचा उद्योग झाला असता.

यावर एक कॅनडातला अभ्यास आहे ओंटॅरिओचा, २०२१ चा, कोविडवरचा. त्यात घरात पहिला पेशंट १८ वर्षांखालचा असलेली घरं घेतली होती. घरात व्हायरस आणणाऱ्यांत १४ ते १७ वयाची पोरं सगळ्यात जास्त आणि तीन वर्षांपर्यंतची सगळ्यात कमी, पण एकदा घरात आल्यावर पुढे दुसऱ्या कोणाला तरी लागायची शक्यता या चिमुरड्यांकडून मोठ्या पोरांच्या साधारण १.४ पट. आणणारे मोठे आणि वाटणारे छोटे, असा कारभार. टीनएजर दार लावून मोबाईल घेऊन पडून राहतो (एरवी आपण यावरून ओरडतो, इथे तेच कामाला येतं), अडीच वर्षांच्याला दार लावून बसवून दाखवा.

थोरलीचं वेगळं. ती शाळेतून आणते. केनियात किलिफीला ४७ घरांमध्ये आरएसव्हीचा माग काढला होता, त्यात तान्ह्या बाळांना जो घरातल्या घरात लागला तो बहुतेक वेळा मोठ्या भावंडांकडून आलेला. तिला स्वतःला एक दिवस नाक गळणं, बाळाला मात्र छातीत घरघर. म्हणून ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी मशीनआधी दादा-ताईला आल्या आल्या साबणाने हात धुवायला लावा आणि सर्दी असताना बाळाच्या तोंडाजवळ पापे घेऊ देऊ नका. थोरलीच्या खोलीत मशीन ठेवलं तर थोडा उपयोग आहे, दोन स्टार, पण ती खोलीत थांबते कुठे.

आम्हा नवरा-बायकोला पण दोनच. पलंगाच्या पायथ्याशी मशीन आणि उशीला उशी लावून झोपायचं, जोडीदाराचा श्वास सरळ तोंडावर. कोविडच्या पहिल्या वर्षातले जगभरातले घराघरांचे अभ्यास एकत्र करून जे आकडे आले होते, त्यात पेशंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला लागण व्हायचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होतं आणि घरातल्या बाकीच्यांना १८ च्या आसपास.

त्याच आकड्यांत एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. तेव्हाच्या कोविडमध्ये घरातल्या मोठ्या माणसांना लागण २८ टक्के आणि मुलांना १७ टक्के, म्हणजे मुलांना कमी. आणि २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये बरोब्बर उलटं, अमेरिकेतल्या घरांमध्ये १८ आणि त्याखालच्यांना लागण व्हायची शक्यता तरुण मोठ्यांच्या दुप्पट आणि ५० च्या पुढच्यांना सगळ्यात कमी. कारण १९५७ च्या आधी जन्मलेल्यांनी त्या व्हायरसचे जुने भाऊबंद लहानपणी अंगावर काढलेले होते, शरीराला ओळख होती. त्यामुळे 'पोरं म्हणजे व्हायरसचं गोडाऊन आणि म्हातारी माणसं कमजोर' असं सरसकट काही नसतं, कोणत्या व्हायरसशी कोणाची आधी गाठ पडलीय त्यावर गणित फिरतं. बॉक्सवाल्यांकडून एवढी अपेक्षा नाही माझी, पण निदान आपण घरात कोणाला जपायचं ते ठरवताना लक्षात असू दे.

आता आजी-आजोबांची खोली. इथे मशीन कमाई करतं. सर्दी-खोकल्याची संख्या बघितली तर दोघं पोरांपेक्षा कितीतरी कमी वेळा आजारी पडतात, आयुष्यभराचा अनुभव आहे ना शरीराला. पण फ्लू, आरएसव्ही, कोविड यातलं काही लागलं तर न्यूमोनिया आणि हॉस्पिटलची वेळ याच वयात जास्त येते, आणि लक्षणं पण चोरपावलांनी येतात. ताप येईलच असं नाही, जेवण कमी होतं, गळून गेल्यासारखं वाटतं, बोलण्यात थोडा गोंधळ, कधी तर नुसतं तोल जाऊन पडणं. पुढचं महत्त्वाचं म्हणजे त्यांचा दिवस कसा जातो. बराच वेळ एकाच खोलीत, खिडकी अर्धी बंद, पोरं येऊन समोर जमिनीवर खेळतात, मांडीवर नाही. म्हणजे तोंडावर येणारा खोकला कमी आणि खोलीत साचून राहणारी हवा जास्त, आणि नेमकी तीच हवा हे मशीन साफ करू शकतं. चार स्टार.

फक्त सेटिंग स्वतः करा. बॉक्सवरच्या 'एवढ्या स्क्वेअर फुटांसाठी'वर जाऊ नका, तो आकडा बऱ्याचदा तासाला एक-दोनदाच हवा साफ होईल असा हिशोब धरून काढलेला असतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा हवा बदलण्याएवढी स्वच्छ हवा असावी असं सांगितलंय. बारा बाय बारा फुटांची खोली, नऊ फूट उंची म्हणजे १२९६ घनफूट, गुणिले पाच, भागिले ६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण १०८ घनफूट. मीटरमध्ये तासाला साधारण १८४ घनमीटर. बॉक्सवर सीएडीआर (म्हणजे मशीन ठरावीक वेळात किती साफ हवा देतं) म्हणून जो आकडा असतो तो याच्यापेक्षा मोठा पाहिजे, आणि लक्षात घ्या तो आकडा फुल स्पीडचा असतो. स्लीप मोडवर त्याचा छोटासा तुकडा उरतो. म्हणून खोलीपेक्षा मोठं मशीन घ्यायचं आणि मधल्या स्पीडवर चालवायचं, हा एकच उपाय.

नाहीतर आमच्यासारखं होतं. फुल स्पीडवर मशीन एवढं घोंघावतं की सासरे टीव्हीचा आवाज वाढवतात, मग सासूबाई त्या आवाजावर ओरडून बोलतात, आणि जेवढं मोठ्याने बोलाल तेवढे तोंडातून जास्त कण बाहेर हे तर मोजून सिद्ध झालेलं आहे. धन्य.

मोठी तक्रार ऑटो मोडबद्दल. पुढच्या पॅनेलवर दिवा आहे, हवा चांगली तर हिरवा, खराब तर लाल, आणि त्याप्रमाणे पंखा आपोआप कमी-जास्त. दारात उभं राहून कोणी डिओ मारला की लगेच लालभडक आणि मशीन विमानासारखं सुटतं. आणि दोन्ही पोरं खोलीत अर्धा तास खोकत बसलीत, तेव्हा? हिरवा. शांत. पंखा सगळ्यात कमीवर. कारण आतला सेन्सर धूळ, धूर, वास ओळखतो, व्हायरस ओळखणारा सेन्सर त्यात नसतोच. म्हणजे ज्या कामासाठी आणलं नेमकं त्याच वेळी ऑटो मोड झोपा काढतो. सासरे हिरवा दिवा दाखवून म्हणायचे, "अगं बघ, हवा चांगली आहे, येऊ दे पोरांना." आता ऑटो बंद, नातवंडं खोलीत असली की हाताने तीन नंबर, गेल्यावर अर्धा तास तसंच. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडायचं) बटण असेल तर ते पण बंदच ठेवा, काही मशीन त्यात ओझोन वायू सोडतात आणि म्हाताऱ्या किंवा दमेकरी फुप्फुसांना तो त्रासदायक.

फिल्टरबद्दल सगळे विचारतात की व्हायरस ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि फिल्टर ०.३ चा, मग निसटत नाही का. नाही निसटत. ०.३ च्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड म्हणून टेस्ट त्यावर करतात, त्याहून बारीक कण सरळ न जाता वेडेवाकडे भरकटतात आणि धाग्यांना चिकटतात. आणि व्हायरस काही एकटा उडत येत नाही, थुंकीच्या कणात बसून येतो. फिल्टर चोख आहे, प्रश्न हवा फिल्टरपर्यंत वेळेत पोचते का एवढाच आहे. '९९.९ टक्के व्हायरस नष्ट' ही पण बंद चेंबरमधली टेस्ट असते, त्या चेंबरमध्ये कडेवर बसलेलं पोरगं नसतं.

मग आजार खरंच कमी होतात का? इथे हात आखडून लिहिते. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २०२३ मध्ये असे ३२ अभ्यास चाळले तेव्हा हवा साफ करण्याने माणसं कमी आजारी पडतात याचा भक्कम पुरावा काही हाती लागला नाही. ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या निवासांमध्ये खोलीखोलीत मशीन ठेवून बघितलं, काहींत खरा हेपा फिल्टर, काहींत नुसतं मशीन, मग अदलाबदल. एकूण हिशोबात ठळक फरक नाही आला, पण जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्यात फिल्टरच्या काळात आजार कमी दिसले. म्हणजे मदत होत असावी पण कवचकुंडलं नाहीत. फ्लूची लस, साठीपुढच्यांसाठी २०२३ पासून आलेली आरएसव्हीची लस (डॉक्टरांना विचारून), खिडकी उघडी आणि पोरं शिंकत असतील तेव्हा आजीजवळ बसताना मोठ्यांनी मास्क, हे सगळं या मशीनच्या आधी येतं. मशीन नंतर.

देखभालीला सोपं आहे. बाहेरची जाळी केस आणि कापसासारख्या धुळीने पटकन भरते, ती व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करायची, आतला हेपा मात्र चुकूनही धुवायचा नाही. फिल्टर बदलायचा दिवा नुसते तास मोजतो, फिल्टर किती मळलाय ते बघत नाही, म्हणून झाकण काढून स्वतः एकदा नजर टाका. आणि घेण्याआधी त्याच मॉडेलचा फिल्टर सुटा मिळतो का ते विचारून घ्या, कारण तो मिळाला नाही तर खोलीत नुसता महागडा पंखा उरतो.