हुकेबल: सहा महिने रोजच्या वापरात ठेवल्यावर

ऑर्डर पक्की झाली की साठा कमी करायचा, बिल बनवायचं, मग ग्राहकाला मेसेज पाठवायचा, आणि हे सगळं आटोपल्यावरच उत्तर द्यायचं. अशा कामाला नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) इव्हेंटएमिटर, म्हणजे घटना घडली की तिला जोडलेली फंक्शनं (लिसनर) बोलावणारा ऑब्जेक्ट, पुरत नाही. त्याचं एमिट, म्हणजे घटना जाहीर करणारी मेथड, असिंक (नंतर पूर्ण होणाऱ्या) लिसनरसाठी थांबत नाही. लिसनरमधलं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या निकालाचा ऑब्जेक्ट) रिजेक्ट झालं, म्हणजे काम फसलं, तर एमिट करणाऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि नोड १५ पासून अशी न पकडलेली रिजेक्शन अख्खी प्रोसेस बंद पाडते.

हुकेबल ही जावास्क्रिप्टची लायब्ररी नेमकं हेच थांबण्याचं काम करते. नक्स्ट (वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) आणि नायट्रो (त्याचं सर्व्हर इंजिन) यांच्या पोटात हीच लायब्ररी आहे. तिला स्वतःला दुसऱ्या पॅकेजची गरज नाही. क्रिएटहुक्सने एक ऑब्जेक्ट बनवायचा, त्याच्या ‘हुक’ मेथडने नाव देऊन फंक्शन जोडायचं (अशा प्रत्येक नावाला हुक म्हणतात), आणि जिथे घटना घडते तिथे कॉलहुक अवेट करायचं, म्हणजे ते संपेपर्यंत थांबायचं. नावांमध्ये विसर्गचिन्हासारखा कोलन टाकायची पद्धत आहे, म्हणजे ‘ऑर्डर:पक्की’, ‘ऑर्डर:रद्द’. अर्ध्या तासात बसतं. (पाचव्या आवृत्तीपासून डीफॉल्ट एक्स्पोर्ट गेला, आता नाव देऊनच इम्पोर्ट करावं लागतं. जुन्या लेखातून इम्पोर्टची ओळ उचलली तर तिथेच अडाल.)

कॉलहुक फंक्शनं जोडल्याच्या क्रमाने एकेक करून चालवतं. मधलं एक फसलं की पुढची चालत नाहीत आणि रिजेक्शन तुमच्या अवेटपर्यंत येतं. साठा कमी झाला नाही तर बिल बनू नये, इथे हे वागणं सोन्यासारखं. पण मेसेजचं गेटवे बंद पडलं म्हणून ऑर्डर फसणं परवडत नाही. म्हणून मेसेज, ईमेल, लॉग यांना वेगळं हुक द्या आणि प्रत्येक फंक्शनच्या आतच ट्राय-कॅच लावा, म्हणजे एरर तिथेच अडेल. कॉलहुकपॅरलल (सगळी फंक्शनं एकदम सुरू करणारं) वापरून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. एक रिजेक्ट झालं की तुमचं अवेट लगेच मोकळं होतं आणि बाकीची कामं मागे चालूच राहतात.

टाइमआउटची सोय नाही. एखाद्या फंक्शनने प्रॉमिस कधीच सोडवलं नाही तर पूर्ण साखळी निमूट लटकते. बाहेरून प्रॉमिस-रेस (हुक आणि टायमर यांपैकी जे आधी संपेल ते घेणारं) लावलं तर आपण सुटतो, पण आतली विनंती चालूच राहते. त्यामुळे अबॉर्टसिग्नल (काम रद्द करायचा इशारा) हुकच्या आर्ग्युमेंटमधून खाली पोहोचवा आणि नेटवर्क विनंती करणाऱ्या फेचला द्या.

आमची खरी तक्रार तिच्या गप्प बसण्याबद्दल आहे. हुकला फंक्शनऐवजी चुकून अनडिफाइन्ड गेलं, तर एरर नाही, वॉर्निंग नाही. रिकामं फंक्शन परत मिळतं आणि काम होतच नाही. सर्क्युलर इम्पोर्टमध्ये, म्हणजे दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतात तेव्हा, हे हमखास होतं. नावात एक अक्षर चुकलं तरी तेच: कोणीच ऐकत नसलेलं हुक कॉल करणं तिच्या लेखी गुन्हा नाही. यावर एकच इलाज, टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट) सगळ्या हुकांचा एक इंटरफेस, म्हणजे नावं आणि टाइपांची यादी, लिहून तो क्रिएटहुक्सला द्यायचा. मग चुकीचं नाव कम्पाइल करतानाच पकडलं जातं. साध्या जावास्क्रिप्टमध्ये ही लायब्ररी घ्यावी असं आम्ही सांगणार नाही.

एका फंक्शनने रिटर्न केलेलं मूल्य पुढच्याला मिळत नाही, हेही नव्या माणसाला चकवतं. सगळ्यांना तेच आर्ग्युमेंट जातात, म्हणून ऑब्जेक्ट पाठवून त्याच्या आतली फील्ड बदलायची. आत नवा ऑब्जेक्ट बनवून त्याच व्हेरिएबलला दिला तर बाहेर काहीच बदलत नाही.

हुक जोडल्यावर परत मिळणारं फंक्शन जपून ठेवा. काढून टाकण्याचा तोच सोपा मार्ग. रिक्वेस्ट हँडलरच्या आत हुक जोडलं आणि काढलं नाही तर यादी वाढत जाते, आणि इव्हेंटएमिटर दहा लिसनरच्या पुढे देतो तशी वॉर्निंग इथे मिळत नाही. एकदाच चालवायचं असेल तर हुकवन्स वापरा.

वेळ मोजण्यासाठी बिफोरईच आणि आफ्टरईच (प्रत्येक हुकच्या आधी आणि नंतर चालणारी) छान आहेत. दोघांना एकच इव्हेंट ऑब्जेक्ट मिळतो, त्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये सुरुवातीची वेळ ठेवता येते. पण मोजमाप पूर्ण हुकचं होतं, आतल्या एकेका फंक्शनचं नाही. कोणतं फंक्शन मंद आहे ते शोधायला प्रत्येकाला स्वतःचं रॅपर (भोवतीचं वेळ मोजणारं फंक्शन) घालावं लागतं.

प्राधान्यक्रमही नाही. प्लगइन कोणत्या क्रमाने लोड होतात यावरच सगळं अवलंबून असेल आणि तो क्रम तुमच्या हातात नसेल, तर वेबपॅकची (जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणारं साधन) टॅपेबल ही हुकांची लायब्ररी बघा. तिथे स्टेज (क्रमांक) आणि बिफोर (कोणाच्या आधी) देता येतात. ती शिकायला मात्र जड आहे.