म्हाताऱ्या कुत्र्यासाठी विमा बरा की बाजूला टाकलेले पैसे?

कुत्रा दहा वर्षांचा झाला असन अन किडनी, शुगर नाहीतर सांधेदुखी आधीच निघाली असन तर आता विम्याच्या मागं लागू नका. कंपन्या नवीन पॉलिसीले वयाची अट ठेवतात, आधीचा आजार सहसा कव्हर करतच नाही, म्हणजे ज्याच्यासाठी पैसा पाहिजे तेच बाहेर. पिल्लू असन तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर काढा, फक्त वेटिंग पिरियड (विमा काढल्यावर सुरुवातीचे जेवढे दिवस पैसे मिळत नाही तो काळ) अन रिन्यूअलचे नियम नीट वाचून घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की थोडे वेगळ्या खात्यात टाकायचे. म्हाताऱ्या कुत्र्याले मले हाच पटते, कारण खरा खर्च रोजचा आहे. डायबेटिसमध्ये बहुतेक कुत्र्यांले इन्सुलिन दिवसातून दोनदा अन आयुष्यभर लागते, ते थंड ठेवा लागते, मंग लोडशेडिंगच्या गावात थर्मास अन बर्फाची सोय आधी पाहा (बर्फाले थेट टेकू देऊ नका, गोठलं की वाया जाते). किडनीवाल्याचं रक्त पुन्हा पुन्हा तपासा लागते, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येते, गाडीभाडंही याच पैशात धरा.

अन हात जोडून सांगतो, पैसे वाचवाले सांधेदुखीवर माणसाची आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका, पोटात अल्सर होते, किडनी निकामी होऊ शकते. डॉक्टरले फोन करा, कुत्र्याच्या वेगळ्या गोळ्या मिळतात.