लिनक्सवर वायफाय गायब: कर्नल नवा घ्यायचा, ड्रायव्हर बांधायचा की कार्डच बदलायचं?

लिनक्स टाकलं, डेस्कटॉप झकास दिसतोय, आणि वायफायच्या सेटिंगमध्ये गेलं की अडॅप्टर सापडला नाही म्हणून हात वर. इथून पुढे लोक तीन वाटांनी जातात. कुणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलतो, कुणी ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स आणून मशीनवर बांधतो, कुणी कार्डच बदलायला स्क्रू-ड्रायव्हर काढतो. वैतागलेले सरळ डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय) घेतात. सगळ्या वाटा बरोबर असू शकतात, पण बिघाड कुठे आहे ते न बघता निवडली की आठवडा गेलाच म्हणून समजा.

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा एनएनके हा पर्याय लावून चालवा आणि यादीत नेटवर्क कंट्रोलर शोधा. कार्डाचं नावच नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. शेजारी विंडोज असेल तर आधी तिथला फास्ट स्टार्टअप बंद करा. त्याच्यामुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि काही कार्डं अशी झोपतात की लिनक्सला दिसत नाहीत. मग मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा. हा उपाय भोंदूगिरीसारखा वाटतो, पण चालतो.

नाव आहे आणि त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळही आहे, तरी वायफाय नाही? मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फर्मवेअर, म्हणजे कार्डात चढवायचं सॉफ्टवेअर, हा शब्द शोधा. ‘एरर -२’ दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल जागेवर नाही. फर्मवेअरचं पॅकेज टाकलं की काम झालं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सोबतच येतं; त्याआधी ते वेगळं आणावं लागे. फर्मवेअरची तक्रार नसेल तर आरएफकिलची (वायरलेसला कुलूप आहे का ते दाखवणाऱ्या आज्ञेची) यादी बघा, कधीकधी लॅपटॉपच्या बटणांचं मॉड्यूलच (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा) वायफायला कुलूप घालून बसलेलं असतं.

निवडीचा खरा प्रश्न येतो तो कार्ड दिसतंय पण ड्रायव्हरची ओळ नाही तेव्हा. रिअलटेकचा आरटीएल ८८५२बीई घ्या. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत तो असतो. त्याचा आधार मूळ कर्नलमध्ये ६.२ पासून आला. उबंटू २२.०४ आला ५.१५ घेऊन, डेबियन १२ आला ६.१ घेऊन. दोन्हींत कार्ड समोर दिसतं, पण त्याला कुणी ओळखत नाही.

अशा वेळी माझं मत स्वच्छ आहे: आधी कर्नल. उबंटूत एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल टाकायचा, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधला (जुन्या आवृत्तीसाठी आणलेल्या नव्या पॅकेजांतला). एक पॅकेज, एक रीबूट. वितरणाने (उबंटू, डेबियनने) सही केलेलं मॉड्यूल असल्यामुळे सही नसलेला कोड अडवणारा सिक्युअर बूटही कुरकुरत नाही, आणि पुढचे अपडेट आपोआप येत राहतात. तोटा एकच, पण तो खरा आहे: एनव्हिडियाचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला न जाण्याची शक्यता असते. म्हणून जुना कर्नल काढू नका, ग्रबच्या मेनूत (मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत) राहू द्या.

डीकेएमएसने, म्हणजे मॉड्यूल आपल्याच मशीनवर बांधून देणाऱ्या साधनाने, ड्रायव्हर बांधणं याच्या बरोबर उलट. आज पटकन होतं, त्रास नंतर. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर मॉड्यूल पुन्हा बांधलं जातं. कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसले किंवा सोर्स नव्या कर्नलला जुळला नाही, की सोमवारी सकाळी मीटिंगच्या पाच मिनिटं आधी वायफाय पुन्हा गायब. सिक्युअर बूट चालू असेल तर एमओकेची (आपली सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवायची) पायरी वेगळी. पासवर्ड ठरवायचा, रीबूटनंतर निळा पडदा येतो, तिथे एनरोल निवडायचं. घाईत कंटिन्यू दाबलं की मॉड्यूल लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं ऐकून घ्यावं लागतं. कर्नल बदलताच येत नसेल, उदाहरणार्थ ऑफिसच्या सॉफ्टवेअरने विशिष्ट आवृत्तीवर बांधून ठेवलं असेल, तरच ही वाट धरा.

दोन्ही वाटांसाठी नेट लागतं आणि नेटच तर नाही! फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला बहुधा लगेच वायर्ड नेटवर्क म्हणून ओळखतं.

वायफाय चालतं पण मध्येच मशीन गोठतं, हे दुखणं निराळं. रिअलटेकच्या ८८२१सीईसारख्या कार्डांत यामागे पुष्कळदा पीसीआयची वीजबचत असते. आरटीडब्ल्यू८८च्या पीसीआय मॉड्यूलला डिसेबल एएसपीएमचा (हीच वीजबचत बंद करणारा) पर्याय देऊन बघा. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ द्या.

एवढं करूनही सुधारलं नाही, आणि लॅपटॉप पोटापाण्याचा असेल, तर कार्ड बदला. इंटेलचा एएक्स२०० कर्नल ५.१ पासून चालतो, एएक्स२१० हा ५.१० पासून. इथे दुकानात फसणारे फार: नावाने भाऊ वाटणारे एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका. त्यांचं निम्मं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं, त्यामुळे एएमडीच्या मशीनमध्ये ते निकामी. कार्ड बोर्डावर डकवलेलं नाही ना, आणि बायोस परकं कार्ड नाकारत नाही ना, हेही आधी तपासा. उघडल्यावर अँटेनाच्या दोन केसाएवढ्या वायरी दिसतील. त्यांची टोकं सरळ वरून दाबायची, टक् असा आवाज येतो. मी एकदा तिरपं दाबलं, एक टोक चेपलं, आणि तेव्हापासून त्या लॅपटॉपला स्वयंपाकघरात सिग्नल मिळत नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी नवं पीसीआय कार्ड लावताना अजून एक पाहावं. सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) २०१३ पासून नेटवर्कची नावं स्लॉटवरून द्यायला सुरुवात केली. नवं कार्ड लावल्यावर क्रमांक सरकले तर कालचं ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होऊ शकतं. मग स्थिर पत्ता जुन्या नावावर लिहिलेला, आणि चांगलं चालणारं वायर्ड नेटही पडतं. जुळणी मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) लिहून ठेवली की हा घोळ टळतो.

राहिला डोंगल. तात्पुरता म्हणून ठीक आहे, कायमचा नको. काही डोंगल तर लावल्यावर स्वतःला सीडी म्हणवतात, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी उपकरणांच्या यादीत) ०बीडीए:१ए२बी दिसलं तर तुमचा डोंगल त्यातलाच. यूएसबी मोडस्विच टाकून ती सीडी बाहेर काढली की खरा वायफाय प्रकट होतो. आणि मग त्याला ड्रायव्हर आहे का, हे बघायला पुन्हा त्याच कर्नलच्या आवृत्तीपाशी यावं लागतं.