40-45 जणांची सहल: एक मोठी बस, तीन टेम्पो ट्रॅव्हलर की एसटी?

सोसायटीची सहल असो, भिशीच्या बायकांची ट्रिप असो नाहीतर शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, डोकी 40 च्या पुढे गेली की गाडी कुठली करायची यावर चर्चा सुरू होते आणि सगळे लगेच माणशी किती पडणार यावर येतात. माझं म्हणणं आहे की तो हिशोब सगळ्यात शेवटी करा. आधी बघा की जिथे जायचंय तिथला शेवटचा दहा-पंधरा किलोमीटरचा रस्ता कसा आहे, आणि ड्रायव्हर सलग किती तास चालवणार आहे. एवढं कळलं की निम्मा निर्णय झालाच समजा.

रस्त्याचं आधी सांगते. मोठी बस म्हणजे 45 सीटर, 2 बाय 2, साधारण 12 मीटर लांब. पुण्याहून कोल्हापूर, शिर्डी, पंढरपूर असं कुठे जाणार असाल तर डोळे झाकून मोठी बस करा. महाबळेश्वरलाही पसरणी घाटातून मोठ्या बस रोज जातात. पण सिंहगडावर जायचं असेल तर मोठी बस पायथ्यालाच ठेवावी लागते, पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेनेसुद्धा मे 2022 मध्ये गडावर इलेक्ट्रिक बस सुरू केल्या होत्या त्या थोड्याच दिवसांत बंद करायला लागल्या. आणि कोकण! दिवेआगर, गुहागर, हर्णै, मुख्य रस्त्याने बस जाते हो, पण तुम्ही जे घरगुती राहायचं बुक केलेलं असतं ते वाडीच्या आत असतं, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, वर माडाच्या झावळ्या, समोरून रिक्षा आली तरी कुणाला तरी मागे घ्यावं लागतं. तिथे बस चौकातच उभी राहते आणि बॅगा, लहान मुलं, आजी-आजोबा सगळे उन्हात चालत आत. ट्रॅव्हलर मात्र थेट अंगणापर्यंत जाते. म्हणून बुकिंग करताना राहायच्या ठिकाणच्या मालकांना सरळ विचारा, "काका, मोठी बस दारापर्यंत येते का, आणि वळायला जागा आहे का?" त्यांना नक्की माहिती असतं.

पावसाळ्यात तर भोरवरून महाडला जाणारा वरंध घाट दरवर्षी अवजड वाहनांना बंद करतात, त्यामुळे रूट आधीच ठरवून घ्या. ताम्हिणीतून मोठी बस जाते पण तिथली वळणं फसवी आहेत, डिसेंबर 2024 मध्ये पुण्याहून महाडकडे निघालेल्या वऱ्हाडाची खासगी बस तिथेच उलटली आणि 5 जण गेले. म्हणजे ताम्हिणीने जाऊच नका असं नाही, पण त्या घाटाची सवय असलेला ड्रायव्हर मागा आणि घाट उजेडात पार होईल अशा बेताने निघा.

आता पैसे. भाडं ठरतं किलोमीटरवर, पण रोजचं एक मिनिमम असतं, बऱ्याचदा 250 किंवा 300 किमी. म्हणजे जेजुरी-मोरगाव करून आलात, सगळं मिळून दीडशेच्या आसपास फिरलात तरी बिल 300 चंच होणार. जवळच्या ट्रिपला तीन ट्रॅव्हलर घेतल्या की हे मिनिमम तीनदा लागतं, ड्रायव्हरचा भत्ता तीनदा, टोल आणि पार्किंग तीनदा. त्यामुळे 40 च्या पुढे माणसं असतील आणि रस्ता चांगला असेल तर मोठी बस जवळपास नेहमीच स्वस्त पडते. पण 28-30 च जण येणार असतील तर रिकाम्या 15 सीटचे पैसे कशाला द्यायचे, तिथे दोन 17 सीटर ट्रॅव्हलर पुरतात. आणि ग्रुपवर "येणार" म्हणणारे सगळे येत नाहीत हे तुम्हालाही माहितीये, आधी पैसे जमा करा मग गाडी ठरवा.

किलोमीटर गॅरेज टू गॅरेज मोजतात का तेही विचारा, कारण बस चाकणला उभी असेल आणि तुम्ही कोथरूडला चढणार असाल तर ते जाण्यायेण्याचं अंतरही तुमच्याच बिलात येतं. दुसरं म्हणजे दिवस कसा धरतात, 24 तासांचा की रात्री 12 ला संपणारा. 12 ला संपत असेल आणि तुम्ही साडेबाराला परत आलात तर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू शकतं. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

सोयीचं म्हणाल तर मोठ्या बसमध्ये सगळे एकत्र असतात, अंताक्षरी होते, पोह्यांचं पातेलं आणि पाण्याचे जार खालच्या डिकीत जातात. ट्रॅव्हलरमध्ये सामान वर कॅरियरवर, पाऊस असला तर ताडपत्री नीट बांधली आहे का ते स्वतः बघायचं. पण मोठ्या बसची पहिली पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्यांना ती चढताना खरंच त्रास होतो, एक छोटं प्लास्टिकचं स्टूल बरोबर ठेवा. घाटात शेवटची रांग सगळ्यात जास्त हलते, उलटी होणाऱ्यांना पुढे नाहीतर मधे बसवा. मोठी बस पेठांमध्ये आत आणायचा हट्टही करू नका, सारसबाग किंवा चांदणी चौक अशी एक-दोन ठिकाणं ठरवा आणि सगळ्यांना तिथेच बोलवा.

एसटीचा विचार फार कमी लोक करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. प्रासंगिक करारावर एसटीची पूर्ण बस मिळते, आगारात जाऊन अर्ज करायचा, मार्ग आणि तारखा द्यायच्या, पैसे आगाऊ भरायचे. शाळेची सहल असेल तर 50 टक्के सवलत आहे, मग दुसरीकडे बघायचं कारणच नाही. गाडी वाटेत बंद पडली तर बऱ्याच तालुक्यांना आगार आहे, हा आधार खासगीवाल्याकडे नसतो. पुशबॅक सीट आणि गाण्यांची सिस्टीम मिळेलच असं नाही, ऐनवेळी "चला जरा त्या धबधब्याला पण जाऊ" हे जमणार नाही, आणि आषाढी वारी, गणपतीत गाड्या पंढरपूर-कोकणाकडे गेलेल्या असतात तेव्हा मिळणं अवघड. पण देवदर्शनाला, ठरलेल्या रूटने जाणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपला मी एसटीच सुचवेन.

ड्रायव्हरचा मुद्दा मात्र तिन्हीकडे सारखा आणि सगळ्यात महत्त्वाचा. कायद्याने दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आहे, आणि आपण काय करतो तर पहाटे 5 ला निघून रात्री 11 ला परत येतो, एकाच माणसाच्या जिवावर. एप्रिल 2023 मध्ये पुण्यात कार्यक्रम करून परत निघालेल्या झांजपथकाची बस पहाटे बोरघाटात दरीत कोसळली, 13 जण गेले, त्यात तरुण पोरं होती. रात्रभराचा प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर मागाच, जास्तीचे पैसे पडले तरी. मुक्कामाची ट्रिप असेल तर त्याच्यासाठी एक कॉट किंवा खोली तुमच्याच बुकिंगमध्ये धरा. बसमधल्या दोन सीटांच्या मधल्या जागेत, डासांमध्ये झोपलेला माणूस सकाळी आपल्याला घाट उतरवणार असतो. जेवायलाही त्याला आपल्याबरोबर, जमलं तर आपल्या आधी बसवा.

गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या आणि सरकारच्या एम-परिवहन अॅपवर फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी बघा, दोन मिनिटं लागतात. फोटोत एक बस आणि दारात दुसरीच, असं होतं. रविवारी कुणी स्वस्तात शाळेची बस देतो म्हणालं तर पर्मिटचं आधी विचारा, ते सहलीला चालतंच असं नाही. आणि बसमध्ये चढल्यावर सामान लावायच्या आधी इमर्जन्सी दार उघडून बघा, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का बघा. त्या दाराला टेकून बॅगा रचू देऊ नका, कोणी कितीही म्हणालं तरी.