एकदोरी रीफिंग किट: दोन मोसमांच्या वापरानंतर

मुंबई बंदरात छोटी शिडाची होडी चालवणाऱ्यांचा मोसम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या की संपतो. या काळात सकाळचा मतलई वारा ओसरून दुपारी समुद्राकडून वारा धरतो आणि उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत तो जेवणानंतर पाहता पाहता बारा नॉटवरून सतरावर जातो. आकडा पाचानेच वाढलेला दिसत असला, तरी वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शिडावरचा भार तेवढ्यात दुप्पट झालेला असतो. होडी पंचवीस अंशांपलीकडे कलते, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आपोआप वाऱ्याकडे वळू लागते, आणि सुकाण्याचा दांडा दोन्ही हातांनी ओढून धरावा लागतो. अशा वेळी मोठे शीड आखडून घेणे, म्हणजेच रीफ घेणे, एवढाच शहाणा मार्ग उरतो. (कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्राँग्स रीफचा खडक ठाऊक असलेल्या पाहुण्यांना ‘आता रीफ घेऊ’ असे सांगितले की ते क्षणभर दचकतात, हा भाग वेगळा.)

माझ्या बावीस फुटी होडीवर पूर्वी रीफची जुनी, साधी व्यवस्था होती. डोलकाठीपाशी जाऊन हॅलियर्ड (शीड वर चढवण्याचा दोर) सैल करायचे, शिडाच्या पुढच्या कडेची कडी बूमच्या (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याच्या) मुळाशी असलेल्या आकड्यात अडकवायची, हॅलियर्ड पुन्हा ताणायचे आणि मग मागच्या कोपऱ्याचा दोर बूमपर्यंत खेचून घ्यायचा. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. तिचा दोष एकच, की तिच्यासाठी कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढे जावे लागते. लाटांवर उसळणाऱ्या होडीत ते नकोसे वाटते आणि माणूस ‘अजून दहा मिनिटे पाहू’ असे म्हणत रीफ लांबवत राहतो. म्हणून दोन मोसमांपूर्वी मी आयात केलेले एकदोरी रीफिंग किट बसवून घेतले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या त्रुटी मला आढळल्या त्यांतील बहुतेक या पद्धतीच्याच आहेत.

किटमध्ये आठ मिलिमीटर जाडीचे दोन पॉलिएस्टर दोर, सहा कप्प्या, ओढलेला दोर पकडून ठेवणारे दोन क्लच आणि एक पुस्तिका येते. दोर दोन असले तरी प्रत्येक रीफसाठी, म्हणजे शीड आखडण्याच्या दोन टप्प्यांपैकी प्रत्येकासाठी, एकच दोर वापरायचा असतो. तो कॉकपिटमधून निघून डोलकाठीच्या पायथ्याशी वळतो, वर चढून शिडाच्या पुढच्या कडीतून जातो, खाली येऊन बूमच्या पोकळीतून मागे सरकतो, तिथून मागच्या कडीतून वळसा घेऊन पुन्हा बूमवर बांधला जातो. हॅलियर्ड खुणेपर्यंत सोडायचे आणि हा एक दोर ओढायचा, की पुढचा व मागचा असे दोन्ही कोपरे एकाच वेळी खाली बसतात, असे पुस्तिका सांगते. वरच्या पानावर ‘एकट्या नाविकासाठी अत्यावश्यक’ असेही छापलेले आहे. मुंबईत बांधलेली सुहैली ही बत्तीस फुटी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा असल्या किटांचा बाजारच नव्हता. त्यामुळे ‘अत्यावश्यक’ हा शब्द मी सोयीचा एवढ्याच अर्थाने घेतला.

पहिली अडचण दोराच्या लांबीची आहे. माझ्या शिडाची पुढची कड आठ मीटर आणि तळ तीन मीटर असून पहिला रीफ एक मीटर उंचीवर आहे. शीड एक मीटर खाली येते तेव्हा दोर पुढच्या कडीशी दुहेरी आणि मागच्या कडीशीही दुहेरी असल्यामुळे एकूण चार मीटर दोर ओढावा लागतो, तर दोन मीटर उंचीवरच्या दुसऱ्या रीफला तब्बल आठ मीटर. हा सगळा गुंता पायाखाली, मेनशीटच्या (मोठे शीड आत-बाहेर करण्याच्या दोराच्या) शेजारी साचतो आणि घाईच्या वेळी कोणता दोर कशाचा हे कळेनासे होते.

त्याहून गंभीर प्रश्न घर्षणाचा आहे. पुढची कडी ही नुसती स्टीलची रिंग असते आणि तिच्यातून दोर पूर्ण उलटा वळतो, त्यामुळे ओढण्याचा बराच जोर तिथेच खर्ची पडतो. परिणाम असा, की पुढचा कोपरा चटकन खाली येऊन बसतो आणि मागचा मात्र बूमपासून वीतभर वर लोंबकळत राहतो. मागची कड नीट ताणली गेली नाही, तर शिडाचा खालचा भाग पोत्यासारखा फुगतो, आणि जोर कमी करण्यासाठी घेतलेला रीफच होडीला अधिक कलवतो. पुढच्या कडीला किटबाहेरची एक छोटी कप्पी शिवून घेतल्यावर हा त्रास निम्म्याने कमी झाला. उत्पादकाने ती किटमध्येच द्यायला हवी होती.

पुस्तिकेतील एक सूचना तर मला सरळ चुकीची वाटते. मागचा दोर बूमच्या शेवटच्या टोकाशी बांधावा, असे ती दोन्ही रीफसाठी सांगते. रीफ घेतल्यावर मागची कडी पहिल्या रीफला डोलकाठीपासून सुमारे २.६ मीटरवर, तर दुसऱ्या रीफला २.२५ मीटरवर येते. दोर टोकाशी बांधला तर ओढ जवळजवळ पूर्णपणे मागच्या दिशेने जाते आणि खाली खेचणारे बळ उरत नाही. तो कडीच्या किंचित मागे, बूमवर वेगळी पट्टी ठोकून बांधला की ओढ खाली आणि मागे अशी दोन्हीकडे विभागली जाते.

कॉकपिटमधून रीफ घेता येतो या एका गुणासाठी मात्र मी या किटला बरेच गुण देईन. हिशोब केला तर पहिल्या रीफने माझे बारा चौरस मीटरचे शीड सव्वानऊच्या आसपास येते, म्हणजे जवळपास चौथाई कमी होते, आणि होडीचा स्वभाव लगेच बदलतो. हे आधीही ठाऊक होते, पण पुढे जाण्याच्या कंटाळ्याने मी टाळत असे. आता मी चौदा नॉटलाच रीफ घेतो. सुरुवातीला चार-पाच मिनिटे लागत, सरावाने ती दीडवर आली. गेटवे ते मांडवा या फेरीबोटींच्या वाटेवर तेवढी दीड मिनिटे होडी उजव्या बाजूने वारा घेत राहील असे मी पाहतो, म्हणजे निदान डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या दुसऱ्या शिडाच्या होडीला वाट देण्याची वेळ त्या गडबडीत येत नाही.

शिडाच्या मधल्या छोट्या दोऱ्यांविषयी पुस्तिकेत एक अक्षर नाही, म्हणून येथे लिहितो. त्या केवळ सैल कापड आवरण्यासाठी असतात आणि ओझे दोन कोपऱ्यांनीच पेलायचे असते. रीफ सोडताना आधी या दोऱ्या सोडाव्यात, कारण त्या बांधलेल्या असताना मागचा दोर ढिला केला की सगळा ताण त्या छोट्या भोकांवर येऊन कापड टरकन फाटते. पहिल्या मोसमात माझ्या शिडाला एक टाका त्यासाठीच पडला आहे.

दोरांच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या उन्हात दोन मोसम काढूनही ते फारसे कडक झालेले नाहीत. कप्प्यांमध्ये मात्र मीठ साचते, आणि दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुतल्या नाहीत तर त्या कुरकुरू लागतात. वीस फुटांपेक्षा लहान होडीला हे किट घेऊ नये, कारण तिथे डोलकाठी कॉकपिटपासून हातभर अंतरावर असते आणि जुना आकडाच सोपा पडतो. माझ्या मापाच्या होडीला ते चालते, तरी येत्या मोसमात मी पहिल्या रीफचा एकच दोर काढून पुढच्या व मागच्या कडीसाठी दोन स्वतंत्र दोर, तेही वेगवेगळ्या रंगांचे, कॉकपिटपर्यंत आणणार आहे. क्लच दोनच असल्याने दुसऱ्या रीफचा दोर तेव्हा डोलकाठीशीच राहील, आणि त्यासाठी पुढे जावे लागले तरी चालेल.