व्हिडिओतला ब्रश मला दिसला होता

जुनं कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारा भाग, घेताना एकूण २३,६५० रुपये गेले. घरी मी १८,५०० च सांगितले, आणि तेवढं सांगतानाही मान वर होत नव्हती.

मी या छंदात नवा नाही. वीस वर्षं रेकॉर्डी ऐकतोय, सुई स्वतः बदलतो, टोनआर्मचं, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचं, वजन स्वतः लावतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘काही कळत नसताना घ्यायचं कशाला?’ असं तिघांनी ऐकवलं. कळत होतं. तरी फसलो.

हवं होतं शुअरचं व्ही-१५ टाइप थ्री. १९७३ सालचं कार्ट्रिज, रेकॉर्डवर सुईचं पाऊण ते सव्वा ग्रॅम वजन ठेवून चालणारं. शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. तेव्हापासून जुन्या मालाला भाव आला, आणि फसवणाऱ्यांचं फावलं.

विकणाऱ्यानं वाजतानाचा व्हिडिओ पाठवला. आवाज सुरेख. आणि सुईच्या पुढे, रेकॉर्डवर टेकलेला छोटा काळा ब्रश. टाइप थ्रीला ब्रश नसतो! तो टाइप फोरबरोबर आला, १९७८ मध्ये. मला हे पाठ आहे. व्हिडिओ मी चार वेळा पाहिला, चारही वेळा ब्रश दिसला, आणि मीच माझी समजूत घातली की यानं वरून चिकटवला असेल. त्याला एका ओळीत विचारायचं होतं, ‘ब्रश कसला?’ तेवढंही विचारलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बंगळुरूचं गिऱ्हाईक सकाळी पैसे टाकणार असं तो सांगत होता, आणि माझ्या डोक्यात वडिलांच्या रेकॉर्डी वाजायला लागल्या होत्या. पैसे पाठवताना खात्यावर भलतंच नाव आलं. “मेव्हण्याचं खातं आहे काका,” म्हणाला. तेही मानलं. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, मेव्हणा असो की भाऊ.

१८,५०० आणि कुरिअरचे ३५०. पार्सल आलं, लावलं, डावा चॅनेल मुका. फोन केला तर म्हणे, “सुई गेली असेल काका, सीलबंद ओरिजनल देतो, ४,२०० ला.” तेही पाठवले. याची लाज पहिल्या रकमेपेक्षा जास्त वाटते. पण तोवर १८,५०० अडकले होते, ते वाचवायला मी धडपडत होतो. दुसरी सुई आली, डावी बाजू मुकीच. “वजन दोन ग्रॅम करा,” म्हणाला. मी केलं. वडिलांची नाट्यसंगीताची एल.पी. होती, दुसरी बाजू तीनदा वाजवली.

दुरुस्तीवाल्यानं ६०० घेतले आणि दहा मिनिटांत निकाल दिला. मीटर लावला तर कार्ट्रिजच्या आतली डावी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तुटलेली. म्हणजे सुई बदलून काही होणारच नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली ‘सीलबंद’ सुईचा हिरा दोन्ही बाजूंनी घासून सपाट झालेला, छिन्नीसारखा. त्या एल.पी.वर आता चांगली सुई ठेवली तरी वरच्या सुरांना खरखर येते. ती जाणार नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागलंय.

आणि सुई खरंच कोरी असती तरी? सुईची कांडी धरणारं रबर डबीतल्या डबीतही वर्षांनुवर्षं कडक होत जातं. ‘न वापरलेला जुना माल’ या शब्दांना पैसे देऊ नका. विकणाऱ्याला कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांवर मीटर लावून दाखवायला सांगा, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून. नाही म्हणाला तर सोडून द्या.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे.” मी ब्रश दाखवला, नाव दाखवलं. साहेबांनी व्हिडिओ पूर्ण पाहिलाही नाही. “जुनी वस्तू, तिला गॅरंटी कसली?” सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, परत ठाण्यात जा. बँकेनंही तेच, पिन तुम्हीच टाकलात. अहो, फसलेला माणूस पिन स्वतःच टाकतो, त्यालाच फसवणूक म्हणतात ना! कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धाच. तो कुणी तपासायचा, मी? खातं कुणाचं, हे बँकेला एका मिनिटात दिसतं. पण पोलिसांचं पत्र हवं. पत्राला गुन्हा नोंद हवा. आणि गुन्हा नोंदवायचा नाही, कारण मामला दिवाणी! पाच खेपा झाल्या. हातात फक्त अर्जाची पोच आहे.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा. मी सुईची वाट बघत नऊ दिवस घालवले.

तो माणूस अजून विकतोय, व्हिडिओ तोच, भाव आता १९,५००. तुमच्याकडे तो व्हिडिओ आला असेल तर पुसून टाकू नका. मी सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे, आणि या वेळी माझ्या अर्जाला आणखी कुणाचा तरी अर्ज जोडलेला हवा आहे.