आतून रंग द्यायला नकार देणारे ठेकेदार

रत्नागिरीत आमचं घर उतारावर आहे. पुढून दुमजली दिसतं, मागून खालची खोली निम्मी जमिनीत. चिऱ्याच्या त्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल. तांदूळ, सासूबाईंच्या गोधड्या, सगळ्याला कुबट वास. चार वर्षांपूर्वी एका कंपनीने आतून जाड वॉटरप्रूफ रंग मारून दिला, वर ५ वर्षांची हमी. दुसऱ्याच आषाढात रंगाला लिंबाएवढे फोड आले. फोडले की आत पाणी आणि मागे पांढरा खार, मिठासारखा भुरभुरणारा. हमीसाठी केलेले फोन कुणी उचलले नाहीत.

गेल्या भाद्रपदात ओळखीतून एक स्थानिक ठेकेदार आले. आल्या आल्या भाव सांगितला नाही. भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद केला आणि दोन दिवसांनी परत आले. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले होते, खोलीकडची बाजू कोरडी. म्हणाले, "वहिनी, हा खोलीतला दमटपणा नाही. मागच्या मातीतलं पाणी चिऱ्यातून आत येतंय. आतून रंग मी देणार नाही." मग भर पावसात घरामागे नेऊन दाखवलं: पागोळ्या नेमक्या भिंतीच्या बुडाशी पडत होत्या, आणि अबोलीच्या वाफ्याचा उतारही भिंतीकडेच.

काम एप्रिलमध्ये झालं. मागे २६ फूट लांब चर खणला, तोही पायाला धक्का नको म्हणून दोन टप्प्यांत. चिऱ्यांचे सांधे भरून बाहेरून गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप. तळाशी भोकं पाडलेला ४ इंची पाइप, त्याला गाळ अडवणारं कापड, भोवती खडी; पाणी थेट खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. छपराला पन्हळ. आत जुना रंग आणि गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा केला, म्हणजे भिंतीतली उरलेली ओल कोंडणार नाही.

तक्रार आहेच. ८ दिवस सांगून १९ लागले, उरलेली माती आम्हालाच हलवावी लागली. पन्हळीचा खर्च वेगळा हे आधी सांगायला हवं होतं. एकूण ७४,००० रुपये झाले. तरीही पुन्हा यांनाच बोलावीन.

श्रावणात मी तोच कागद पुन्हा लावून पाहिला. दोन दिवसांनी काढला तर आतून कोरडा, भिंतही कोरडी. गोधड्या खाली आणल्यात. तांदूळ मात्र अजून एक पावसाळा वरच ठेवणार आहे.